कडी लावायचा अधिकार

परिपत्रक काढणं ही सोपी गोष्ट आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा दिगंबर सोनकांबळे सर असलेल्या कॉलेजात नोकरी करून दाखवावी. मी केली. वीस वर्षं केली. लातूरच्या आमच्या लॉ कॉलेजात मी ऑफिसातला क्लार्क, मन्मथ बिरादार, आणि ते राज्यघटना शिकवणारे प्राध्यापक. मी परिपत्रक टाइप करायचो, प्राचार्य न वाचता सही करायचे, गफूरभाई शिपाई ते फलकावर लावायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याखाली लाल बॉलपेननं बारीक अक्षरात एक ओळ आलेली असायची: 'अधिकार कुठून आला?'

अशा वेळी माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

सर अंगानं बुटके, आवाजानं दांडगे. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. निळ्यानं ते हजेरी घ्यायचे आणि लालनं माझं वाटोळं करायचे. सकाळी पावणेआठला स्कूटर लावली की हेल्मेट न काढताच फलकासमोर उभे राहायचे. हेल्मेटची काच वर करून एकेक ओळ वाचायचे. मी एकदा विचारलं, 'सर, हेल्मेट तरी काढा की.' तर म्हणाले, 'बिरादारसाहेब, तुमच्या फलकावरून डोक्यावर काय येऊन पडेल सांगता येत न्हाई.'

पहिल्यांदा आमची जुंपली ती वाचनालयावरून. मी परिपत्रक काढलं होतं की मुलींनी दुपारी दोननंतर वाचनालयात थांबू नये. हेतू चांगला होता हो. बाहेरगावच्या मुली, गाड्यांचे हाल, वेळेत घरी गेलेल्या बऱ्या. दुसऱ्या दिवशी खाली लाल ओळ: 'रद्द. कलम चौदा, कलम पंधरा. मुलींनीच काय घोडं मारलं?'

मी चिडलो. म्हटलं, समानता पाहिजे ना, घ्या समानता. नवीन परिपत्रक लावलं: दोननंतर वाचनालयात कुणीही थांबू नये. खाली ओळ आली: 'समानता आली, शहाणपण गेलं. वाचनालय कशासाठी आहे?' तिसरं लावलं: सर्व विद्यार्थ्यांनी साडेपाचपर्यंत वाचनालयात थांबावे. तर हे स्वतः ऑफिसात आले, हेल्मेटसकट. 'आता कोंडून ठेवता का पोरांना?' शेवटी चौथ्या वेळी मी लिहिलं की ज्यांना थांबायचं आहे त्यांना साडेपाचपर्यंत थांबता येईल. त्याच्याखाली लाल पेनची नुसती एक बरोबरची खूण आली. खोटं कशाला बोलू, ती खूण बघून मला लहान पोरासारखा आनंद झाला आणि त्या आनंदाचाच राग आला.

त्या रागात मी त्यांना गाठलं आणि त्यांचाच प्रश्न त्यांना टाकला. 'सर, माझी परिपत्रकं रद्द करायचा अधिकार तुम्हाला कुठून आला?'

ते खूष झाले. खुर्ची ओढून बसले. 'हा बघा खरा प्रश्न. एका दूरच्या देशात कोर्टानं कायदा रद्द करायचा अधिकार स्वतःच घेतला. घटनेत तसं कुठं लिहिलेलंच नव्हतं. आपल्याकडं तसं न्हाई. आपल्या लोकांनी कलम तेरामध्ये लिहूनच ठेवलं की हक्कांच्या आड येणारा कायदा चालायचा न्हाई.'

'मग तुम्हाला कुणी लिहून दिलंय?'

'मला कुणी न्हाई. मी त्या दूरच्या देशातला.' असं म्हणून ते चहा पिऊन निघून गेले.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला तीन कागद चिकटवलेले दिसले. मला वाटलं, किराणा असेल. जवळ जाऊन बघतो तर सूच्या! घटनेत जशा केंद्राची एक, राज्याची एक आणि दोघांची मिळून एक अशा तीन सूच्या असतात, तशा. केंद्र म्हणजे सर. राज्य म्हणजे वहिनी. वहिनी रेणापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. केंद्राच्या सूचीत स्कूटर, घरमालकाशी बोलणी आणि भावकीतली भांडणं. राज्याच्या सूचीत स्वयंपाक, कपाटं आणि घरखर्च. दोघांच्या समवर्ती सूचीत चहा, टीव्ही आणि पाहुणे.

'आणि जे तिन्हीत नाही ते?' मी विचारलं.

'ते केंद्राकडं. त्याला उर्वरित अधिकार म्हणतात,' सर छाती काढून म्हणाले. तेवढ्यात आतून वहिनींची हाक आली, 'अहो, पाल!' सर मुकाट्यानं उठले, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि आत गेले. दहा मिनिटांनी घाम पुसत बाहेर आले. 'उर्वरित,' एवढंच म्हणाले.

मग वहिनींनी चहा आणला. माझ्या चहात साखर, सरांच्या चहात नाही. सरांना मधुमेह निघाला होता. मी म्हटलं, 'सर, चहा तर समवर्ती सूचीत आहे. आणि दोघांचं जमलं नाही तर केंद्राचं चालतं असं तुम्हीच शिकवता. मी भिंतीपलीकडून ऐकलंय.'

सरांनी मोठा उसासा टाकला. 'त्याला एक पोटकलम हाय, बिरादारसाहेब. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा चालतो.'

'मग?'

'मग काय, हिनं अहमदपूरच्या माझ्या अक्काला फोन केला. अक्कानं संमती दिली.'

वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, 'बिरादार भाऊजी, ह्यांना वाटतंय हे केंद्र हायेत. केंद्राला साधा कुकर लावता येत न्हाई. आणि राज्य बरखास्त करतो म्हणून मला सारखं भ्या दाखवायले.'

'आता कुठलं बरखास्त,' सर बिनसाखरेचा घोट घेत म्हणाले. 'पूर्वी होतं ते. आता कोर्ट बघतं.'

भिंतीपलीकडून ऐकलं म्हणालो, ते खरंच होतं. माझं ऑफिस आणि सरांचा वर्ग यांत एकच भिंत. तीही अशी की पलीकडं कुणी शिंकलं तर मी अलीकडं 'जियो' म्हणावं. सरांचा आवाज तर भिंतीला विचारतच नव्हता. त्यामुळं ॲडमिशनचे फॉर्म तपासता तपासता माझी घटना वीस वेळा शिकून झाली. आधी कोर्ट म्हणालं, संसदेला घटनेत वाटेल तो बदल करता येतो. मग म्हणालं, नाही, मूलभूत हक्कांना हात लावायचा नाही. मग तेरा न्यायाधीश एकत्र बसले आणि म्हणाले, बदल करा, पण घटनेची मूळ चौकट मोडू नका. इथं आलं की सर दरवर्षी आवाज चढवायचे. 'किती विरुद्ध किती? सात विरुद्ध सहा!' आणि धाडकन टेबलावर हात. माझ्या बाजूला भिंतीचा चुना पडायचा. गफूरभाई त्या आवाजावर चहा ठेवायचे. ठरलेलंच होतं ते.

मूळ चौकट म्हणजे काय हे पोरांच्या डोक्यात शिरत नसे, तेव्हा सर सगळा वर्ग घेऊन स्कूटरपाशी यायचे. 'हिची सीट बदलली. हँडल बदललं. इंजिन उतरवून दुसरं बसवलं. रंग तीनदा दिला. तरी ही तीच स्कूटर हाय. का?' पोरं स्कूटरकडं बघायची. 'कारण ही अजून ढकलल्याशिवाय चालू होत न्हाई! ती हिची मूळ चौकट. त्याला मेकॅनिकनं हात लावायचा न्हाई. चला, लावा धक्का.' मग साठ पोरं कॉलेजच्या आवारात घटना ढकलत फिरायची. मी खिडकीतून कपाळाला हात लावायचो.

शनिवारी तास संपले की वाचनालयात सरांचं 'पीठ' बसायचं. कुणीही यावं आणि कुठलाही नियम उभा करावा. होस्टेलचा, एसटीचा, घरातला, कुठलाही. अर्जदारानं मांडायचं, दुसऱ्यानं विरोध करायचा, सर निकाल द्यायचे. एकदा एका पोरानं न्यायाधीश होऊन टेबलावर डस्टर आपटलं, तर सरांनी त्याला खाली बसवलं. 'आपल्या कोर्टात हातोडा नसतो रे. तो सिनेमात असतो.' माझी परिपत्रकं तर दर शनिवारी पिठापुढं असायचीच. मला बाजू मांडायला बोलवायचे. मी जायचो आणि हरून यायचो.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ना, तसं सरांचंही एक होतं. त्यांच्या वर्गाची कडी.

आठचा तास. गफूरभाईंनी घंटा दिली की सर आतून कडी लावायचे. मग बाहेर कुणीही येवो. एकदा विद्यापीठाची समिती कॉलेज बघायला आली होती. प्राचार्यांनी त्यांना वर्ग दाखवायला दार वाजवलं, तर आतून आवाज आला, 'तास संपल्यावर या.' समिती पाऊण तास माझ्या ऑफिसात बसली. तिथं भिंतीतून त्यांना सगळा तास ऐकू आला ते वेगळं. त्यातला एक जण तर नोंदी घ्यायला लागला होता. सगळ्या जगाला 'अधिकार कुठून आला' विचारणारा माणूस स्वतः रोज कडी लावतो, आणि त्याला कुणी काही विचारत नाही, ह्याचा मला किती त्रास व्हायचा म्हणून सांगू! पण विचारायची छाती माझीही नव्हती.

ती छाती निघाली शिरूर अनंतपाळच्या एका पोरीची. कविता तोंडारे तिचं नाव. वडिलांची पिठाची गिरणी. दुसऱ्या वर्षाला होती. दिसायला काडी, बोलायला हळू.

झालं असं की परीक्षेचे फॉर्म सुटले. विद्यापीठाचा नियम आहे, पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर फॉर्म घ्यायचा नाही. मी सगळ्या विषयांची रजिस्टरं जमा केली आणि अपात्रांची यादी फलकावर लावली. पंधरा-सोळा नावं होती. बाकीची पोरं यादी बघून चहाच्या टपरीवर गेली, कारण ती तिथूनच आली होती. कविता तेवढी ऑफिसात आली.

'मामा, घटनेच्या हजेरीमुळं माझा फॉर्म अडकलाय.'

'मग यायचं होतं तासाला,' मी म्हणालो. परिपत्रकवाल्या माणसाला असं बोलायची सवय होते.

'रोज येते मामा.'

'मग हजेरी कुठं गेली?'

'शिरूरची पहिली गाडी लातूरला टेकायलाच आठ वाजतेत. रस्त्यात हात दाखवंल त्याला ड्रायव्हर घेतंय. मी पळत येते तवर कडी लागलेली असती.'

गफूरभाई दारात उभे होते. ते म्हणाले, 'खरं हाय साहेब. पोरगी रोज वर्गाच्या खिडकीखालच्या पायरीवर बसून राहती. मी झाडून राहिलो की पाय वर घेती अन् लिहीतच बसती.'

मी विचारलं, 'मग सरांना का नाही सांगितलंस?'

'कसं सांगू? कडी सरांचीच हाय.' मग खाली बघून म्हणाली, 'आबा म्हणालेत, एक वर्ष गेलं की कॉलेज बंद. गिरणीवर बसायचं. त्यांचंबी बरोबर हाय, त्यांच्याच्यानं आता एकट्यानं होत न्हाई. पण माझं वर्ष जाऊ देऊ नका मामा.'

फॉर्म भरायला सोमवारपर्यंतची मुदत होती आणि तो दिवस शुक्रवार होता. माझ्या हातात काहीच नव्हतं. हजेरी लावायची ती शिकवणाऱ्यानं. मी तिला म्हणालो, 'उद्या पीठ आहे. तिथं उभी राहा.' तिच्यासाठी जीव तुटत होता हे खरं. पण वीस वर्षांचा हिशोब चुकता होईल अशी एक गुदगुली आतून होत होती हेही खरं. मीही माणूसच आहे.

शनिवारी वाचनालय भरलं होतं. सर खुर्चीत बसले, चष्मा पुसला. 'चला, आज कुणाचं काय?'

कविता वही छातीशी धरून उभी राहिली. 'सर, माझा अर्ज हाय.'

'कुणाविरुद्ध?'

'तुमच्याविरुद्ध.'

पोरं खिदळली. सरांचा चेहरा उजळला. 'वा! मांडा, मांडा.'

'सर, वर्गाला कडी लावायचा अधिकार कुठून आला?'

सरांनी पुसलेला चष्मा परत पुसला. त्यांच्याकडं उत्तर नाही असं मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते बघताना मला बरं काही वाटेना. मग ते खुर्चीतून उठले.

'मला इथं बसता येत न्हाई. स्वतःच्याच खटल्यात माणूस न्यायाधीश होत नसतो. बिरादारसाहेब, या.'

'मी?' मी दाराला टेकून उभा होतो तो सरळ झालो. 'सर, मी क्लार्क आहे.'

'म्हणूनच. तुमच्याइतका अनुभव इथं कुणाला न्हाई.'

'कशाचा?'

'रद्द होण्याचा.'

पोरांनी टाळ्या पिटल्या. मी म्हणालो, 'पण अपात्रांची यादी मीच काढलीय. माझाही संबंध येतो.' सर म्हणाले, 'यादी वेगळी, कडी वेगळी. कडीत तुमचा काही स्वार्थ हाय का?' आता यावर काय सांगणार? गेलो आणि बसलो. खुर्ची अजून गरम होती.

मला वाटलं, सर लगेच माघार घेतील. छे! हा माणूस असा भांडला म्हणता, जणू खंडपीठापुढं उभा आहे. 'न्यायमूर्ती बिरादार,' म्हणाले, 'वर्गात साठ पोरं वेळेवर येतात. दर पाच मिनिटाला दार वाजलं तर मी कुणाला शिकवू? एका पोरीच्या गाडीसाठी साठ जणांचा तास मोडायचा? त्यांना काही हक्क न्हाई का?'

ऐकून मला पटलंच. मी मान डोलावली सुद्धा. मग कविताकडं बघितलं.

'सर, दार वाजतंय ते बंद असतंय म्हणून,' ती म्हणाली. 'उघडं ठेवलं तर कोण कशाला वाजवंल?'

हशा पिकला. सरही हसले, पण सोडेनात. 'शिस्त राहावी हा माझा अधिकार हाय.'

'विद्यापीठाचा नियम हजेरी घ्या म्हणतोय. कडी लावा म्हणत न्हाई. मी वाचलाय. आणि कॉलेजचं परिपत्रकबी न्हाई.'

'मी तसलं परिपत्रक काढलेलं नाही,' मी खुर्चीतूनच साक्ष दिली. न्यायाधीशानं साक्ष द्यायची नसते हे मला सरांनी नंतर सांगितलं.

'ठीक,' सर म्हणाले. 'कडी न्हाई असं धरू. तरी ही वर्गात नव्हती. हजेरी म्हणजे हजर असणं. बाहेर बसलेला माणूस हजर कसा?'

कवितानं वही पुढं केली. सरांनी ती उलटतपासणीला घ्यावी तशी घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

'"केंद्रानं राज्याचं सरकार बरखास्त केलं तर पूर्वी कोर्ट म्हणायचं की हा राजकारणाचा विषय, आम्ही बघणार नाही. (इथं रिक्षा गेली.) नंतर कोर्ट म्हणालं की आम्ही बघू. कारण चुकीचं असलं तर विधानसभा (सर खोकले, तीन वेळा) परत आणू."' सर थांबले. पान उलटलं. '"समवर्ती सूची. (गफूरमामा झाडायले. दोन ओळी गेल्या. उद्या कुणाला तरी विचारायच्या.)"' खाली वेगळ्या शाईनं त्या दोन ओळी लिहिलेल्या होत्या. पुढचं पान. '"सात विरुद्ध सहा. (सरांनी टेबल आपटलं. खिडकीतून चुना पडला.)"'

त्यांनी आणखी तीन-चार पानं उलटली, पण मनात वाचली. प्रत्येक पानावर तारीख होती. मग चष्मा काढला, खिशातलं लाल पेन काढलं, हातात घोळवलं आणि परत ठेवलं.

'मला पुढं काही म्हणायचं न्हाई,' ते म्हणाले. 'निकाल द्या, बिरादारसाहेब.'

सूड घ्यायची वेळ हीच होती. त्यासाठी एक झणझणीत वाक्य मी रात्रीपासून घोटून ठेवलं होतं. ते आठवेच ना. डोळ्यापुढं सारखी ती पायरी यायला लागली, आणि माझी भिंत. मी तरी कुठं वर्गात बसलो होतो? बी.ए. अर्धवट सोडून चिकटलेला माणूस मी, आणि आज 'कलम तेरा' म्हटलं की मला कळतं, ते कुणामुळं? बाहेर बसून शिकलेले आम्ही दोघं. फरक एवढाच की मला कुणी हजेरी विचारली नव्हती.

मी म्हणालो, 'कडी लावायचा अधिकार कुठूनही आलेला दिसत नाही. म्हणून कडी रद्द. जी बाहेर बसून ऐकते ती हजर.'

मागच्या बाकावरून एक जण उठला. 'साहेब, मग आमचीबी हजेरी लावा. आम्हीबी बाहेरच होतो.'

'वह्या आणा,' सर आणि मी एकदमच म्हणालो. तो खाली बसला.

त्या दिवशी सर दुपारभर माझ्या ऑफिसात होते. एका बाजूला वही, एका बाजूला रजिस्टर. एकेक तारीख लावून बघत होते आणि स्वतःच्याच रजिस्टरात लाल पेननं दुरुस्ती करून खाली सही करत होते. मधेच म्हणाले, 'तीन वेळा खोकलो ते बरोबर लिहिलंय हो. मला ताप होता त्या दिवशी.' सोमवारी सकाळी कविताचा फॉर्म मी स्वतः तपासून घेतला आणि तिचं नाव यादीतून काढलं. तिच्या आबांचा गिरणीवरून फोन आला. पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, पण माणूस रडत होता की ओरडत होता ते दोन्ही चांगलंच होतं.

त्याच सोमवारी तास संपल्यावर सरांनी कागदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. आत कडी आणि चार स्क्रू. घरून स्क्रूड्रायव्हर आणून स्वतः काढली होती. 'अंमलबजावणी झाली,' म्हणाले. 'नुसता निकाल देऊन काय होतं?' कडी नसलेलं दार वाऱ्यानं धाडधाड वाजायला लागलं, म्हणून गफूरभाईंनी त्याला एक वीट लावली. ती वीट अजून तिथं आहे. कडी माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

माझ्या परिपत्रकांना मात्र त्यांनी काही सवलत दिली नाही. त्यांच्याच निरोप समारंभाचं परिपत्रक मी लावलं, 'सर्वांनी उपस्थित राहणे बंधनकारक आहे.' खाली ओळ आली: 'रद्द. ज्यांना यायचंय ते येतील.' सगळे आले. गफूरभाई भाषणाला उभे राहिले आणि सरांच्या हातात चहा देऊन बसले.

निवृत्तीनंतर ते दोघं नांदेडला स्वतःच्या घरी राहायला गेले. तिकडून फोन यायचे. गल्लीतल्या नळाच्या वेळा कुणी ठरवल्या, बागेत फुलं तोडू नयेत ही पाटी कुणाच्या अधिकारात लागली, असले विषय. मागून वहिनींचा आवाज यायचा, 'फोन ठेवा आता, गोळी घ्यायचीय.' आणि सर म्हणायचे, 'राज्याचा हुकूम आलाय, ठेवतो.'

सर आता नाहीत. वहिनींनीच फोन करून सांगितलं. म्हणाल्या, 'भाऊजी, शेवटी शेवटी मी त्यांना चहात अर्धा चमचा साखर देत होते. अक्काला इचारलं न्हाई.'

पण मला ते शेवटचे दिसले ते इथं, लातूरला. ते जाण्याच्या आधीच्या पावसाळ्यात. कविता एव्हाना वकील झाली होती, लातूरच्या कोर्टात उभी राहायला लागली होती, आणि आमच्याकडं तासिका तत्त्वावर घटना शिकवायला यायची होती. पहिला तास आठचा. मी सरांना फोनवर सांगितलं होतं. ते नुसतं 'बघू' म्हणाले, म्हणून मला वाटलं, तब्येतीमुळं जमणार नसेल.

त्या दिवशी साडेआठच्या सुमाराला मी कामानं बाहेर आलो तर खिडकीखालच्या पायरीवर सर बसलेले. बारीक झालेले, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. मांडीवर एक छोटी वही.

'सर! कधी आलात?'

'हळू,' म्हणाले. 'पहाटेची गाडी धरली होती. अहमदपूरला टायर बसला. तास चालू झाल्यावर पोचलो.'

'मग आत जा की. दार उघडंच आहे.'

'ते दिसतंय मला. ती वीटबी दिसली.' त्यांनी मान हलवली. 'पण इथून कसं ऐकू येतं ते मी कधी बघितलंच नव्हतं हो.'

'खुर्ची तरी आणतो.'

'कुठल्या अधिकारात?'

मग मी खुर्ची आणली नाही. त्यांच्याशेजारी पायरीवरच टेकलो. गफूरभाई झाडत आले, आम्ही दोघांनी पाय वर घेतले. रस्त्यावरून रिक्षा गेली. सरांनी वहीत कंस केला आणि लिहिलं. आत कविताचा आवाज हळूहळू चढत होता, तेरा न्यायाधीशांपाशी आली होती. आम्ही दोघंही कान देऊन बसलो.

'सात विरुद्ध सहा!' ती म्हणाली, आणि टेबलावर धाडकन हात आपटला.

खिडकीच्या कडेचा थोडा चुना सुटला आणि सरांच्या टकलावर पडला. त्यांनी तो झटकला नाही. आधी वहीत लिहून घेतलं.